ताईचा सल्ला आणि आमची गल्ली

पेपर हातात आला की तुम्ही आधी कोणते पान उघडता? खरे सांगा. अग्रलेखापासून सुरुवात करणारी माणसे मला माहीत आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण बरीच मंडळी आधी पुरवणी बाजूला काढतात, तिच्यातले सल्ल्याचे सदर शोधतात आणि वाचताना कोणी बघत तर नाही ना, हेही बघून घेतात. "माझे वय एकोणतीस. लग्नाला सहा वर्षे झाली. पती स्वभावाने चांगले आहेत, पण..." त्या 'पण'पाशी चहा निवतो. खाली सही असते 'एक दुःखी भगिनी' किंवा 'क्ष. य. ज्ञ.'. आणि उत्तर देणारी कोणीतरी ताई, मावशी किंवा वहिनी.

आपल्याकडे सल्ला द्यायला नाते लागते, परक्याचा सल्ला आपल्याला पचत नाही. म्हणून संपादकांनी फार पूर्वीपासून त्या अनोळखी लेखिकेला, कधी कधी तर लेखकालाही, 'ताई' करून टाकले. छपाईतली ताई. तिला बघितलेले कोणी नसते, पण तिचा स्वभाव सगळ्यांना माहीत असतो.

मी गेली पन्नास वर्षे ही सदरे वाचते आहे. शाळेत शिकवत असताना वाचली, निवृत्तीनंतर तर जास्तच. त्यामुळे लोकांना ती का आवडतात याबद्दल माझी काही मते झाली आहेत. ती आज लिहून टाकते.

पहिले कारण सर्वांना ठाऊक आहे: घरोघरी मातीच्या चुली. आपल्या घरातला धूर फक्त आपल्याच डोळ्यांत जातो असे आपल्याला वाटत असते. मग कळते की कोल्हापूरच्या एका बाईच्या सासूबाईही डब्याचे झाकण उघडून किती भाजी उरली ते बघतात. लगेच बरे वाटते. तिचे दुःख कमी झालेले नसते, आपलेही झालेले नसते. पण दोन दुःखे शेजारी शेजारी बसली की त्यांना गप्पा मारता येतात.

दुसरे कारण कोणी कबूल करत नाही. ते म्हणजे न्यायाधीश होण्याचे सुख. आपल्या घरात आपले कोणी ऐकत नाही. शाळेत मुख्याध्यापक ऐकत नाहीत, दुकानात सून ठरवते, शेतात मुलगा. पण सदर वाचताना आपण एकदम खुर्चीवर बसतो. एक बाजू ऐकलेली असते, दुसरी ऐकायची गरज वाटत नाही, आणि निकाल तयार असतो. मग ताईचे उत्तर वाचायचे ते फक्त आपला निकाल बरोबर आला की नाही ते बघायला, जसे गणिताच्या पुस्तकात मागचे पान उलटून बघतात. जुळले तर ताई हुशार. नाही जुळले तर, "हिला काय कळतंय संसारातलं!"

हा स्वभाव आजचा नाही. समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. त्यांचा दासबोध श्रोते-वक्त्यांच्या संवादाच्या रूपाने चालतो. श्रोता शंका काढतो, वक्ता तिचे निरसन करतो. त्यातले मूर्खलक्षण मी कितीतरी वर्षे मोठ्या वर्गांना वाचून दाखवले आणि दरवर्षी एकच गोष्ट घडायची. एकेक लक्षण आले की मुले शेजाऱ्याकडे बघून हसायची. कोपराने ढोसायची, "हे तुझं!" स्वतःकडे बोट दाखवलेला मुलगा मला सेवेच्या सगळ्या काळात आठवत नाही. शिक्षकांच्या खोलीत वाचले असते तर काय झाले असते, ते तुम्हीच ओळखा. सदराचेही असेच आहे. भांडकुदळ जाऊ, संशयी नवरा, आगाऊ नणंद... सगळ्या शेजारणीच निघतात.

त्याच्याही मागे गेले तर महानुभावांच्या लीळाचरित्रात महदाइसा दिसते. चक्रधरस्वामींना सारखे प्रश्न विचारणारी. तेराव्या शतकातली मराठी बाई, आणि तिचे प्रश्न कोणीतरी जपून लिहून ठेवले. मला तर तीच आपली पहिली वाचक-भगिनी वाटते. फरक एवढाच की तिने स्वतःचे नाव लपवले नाही.

नाव न घालता विचारायची सोय छापखान्याने करून दिली. इंग्लंडात जॉन डंटन नावाच्या माणसाने १६९१ साली 'अथेनियन मर्क्युरी' हे पत्र काढले, त्यात वाचकांनी निनावी प्रश्न पाठवायचे आणि मंडळाने उत्तरे द्यायची. अमेरिकेत तर दोन जुळ्या बहिणी या धंद्यात राणीसारख्या वावरल्या. एकीने १९५५ मध्ये 'ॲन लँडर्स' नावाने उत्तरे द्यायला सुरुवात केली, दुसरीने १९५६ मध्ये 'डिअर ॲबी' काढले. कोट्यवधी लोकांची भांडणे या दोघी सोडवत, आणि त्यांचे आपसात मात्र काही वर्षे बोलणे बंद होते! लोका सांगे ब्रह्मज्ञान... पण मला त्यांची चेष्टा करावीशी वाटत नाही. स्वतःचा गुंता ज्याला सुटत नाही त्याला गुंता म्हणजे काय ते नीट कळत असते.

आपल्याकडे या कामाची किंमत कोणी मोजली असेल तर र. धों. कर्व्यांनी. त्यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ असे चालले. संततिनियमन, शरीराच्या शंका, ज्या गोष्टी नवरा-बायकोही अंधारात कुजबुजत, त्यावर लोक त्यांना लिहून विचारत आणि ते छापून उत्तर देत. १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला तो तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच. त्या वेळी त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दंड भरावा लागला. अजित दळवींच्या 'समाजस्वास्थ्य' या नाटकामुळे ही हकिगत पुन्हा लोकांसमोर आली. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की कोणीतरी भीत भीत एक प्रश्न विचारला होता, आणि त्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे असे म्हणायला एवढा मोठा माणूस कोर्टात उभा राहिला. पुढे मुंबईत डॉ. महिंदर वत्स यांनी २००५ पासून, म्हणजे वयाच्या ऐंशीनंतर, इंग्रजी पेपरात असेच सदर चालवले. ते २०२० मध्ये शहाण्णव वर्षांचे होऊन गेले. त्यांची उत्तरे दोन ओळींची आणि मिस्कील असत. लोक उत्तरांना हसले, पण प्रश्न विचारायचे थांबले नाहीत.

असो. आता मंठ्याकडे येते.

मी १९७४ मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले तेव्हा मंठा परतूर तालुक्यात होते आणि परतूर तालुका परभणी जिल्ह्यात. जालना जिल्हा झाला १९८१ साली. आमच्या गल्लीत बहुतेक घरे माळवदाची. रविवारी दुपारी जेवणे उरकली की चार-सहा बायका आमच्या ओसरीवर यायच्या. कोणी सुपात डाळ घेऊन, कोणी वातीचा कापूस घेऊन. त्यांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. "बाई, ते पान वाचा ना," एवढेच म्हणायच्या. कोणते पान ते सांगावे लागत नसे.

मी पत्र वाचायची आणि उत्तर वाचायच्या आधी थांबायची. शिक्षिकेची खोड. मग ओसरीवर कोर्ट भरायचे. "आवं, तिनं कामून इतके दिस दम धरला?" "दम न धरून जाती कुठं? माहेरात भावजय हाय." एक म्हातारी आजी सगळ्यांचे झाल्यावर शेवटचे एक वाक्य बोलायची आणि ते बहुतेक वेळा ताईच्या दोन परिच्छेदांपेक्षा वजनदार असायचे. मग मी ताईचे उत्तर वाचायची. एकदा उत्तर होते, 'पतीसोबत चार दिवस बाहेरगावी जा, मोकळेपणाने बोला.' त्यावर एकजण म्हणाली, "ह्या ताईला सासू न्हाई वाटतं. आन् म्हसरंबी न्हाईत." हसून हसून डाळ सांडली.

ते खरेच होते. उत्तरे बहुधा पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांसाठी लिहिलेली असत. 'समुपदेशकाला भेटा' म्हणायला सोपे, आमच्याकडून एस.टी.ने जालन्याला जायचे तर दिवस मोडायचा आणि घरी काय सांगून जायचे हा वेगळाच प्रश्न. मारहाणीच्या पत्राला तेव्हा किती वेळा 'संयम ठेवा, प्रेमाने जिंका' असे उत्तर वाचले! भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम १९८३ मध्ये आले, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, लागू झाला २००६ मध्ये. आता तशाच पत्राला ताई कायद्याचे नाव घेऊन उत्तर देते, संरक्षण अधिकाऱ्याकडे जा म्हणते. पन्नास वर्षांत मला प्रश्न फारसे बदललेले दिसले नाहीत. उत्तरे बदलली. कोणाला आपल्या समाजाचा इतिहास लिहायचा असेल तर त्याने ही पाने जपावीत.

१९८९ सालची गोष्ट. गल्लीतली एक बाई, तिला आपण मावशी म्हणू, एका संध्याकाळी एकटीच आली. "बाई, नाव न घालता लिवता येतंय ना?" म्हणाली. तिचे वडील वारले होते. भाऊ म्हणत होते की हक्कसोड पत्रावर सही करून दे. करायची तिची तयारी होती, आमच्याकडे सगळ्याच बहिणी करतात. साडी-चोळी घ्यायची, अंगठा उठवायचा आणि माहेर शाबूत ठेवायचे. पण तिच्या मनात कुठेतरी अडकले होते. नवऱ्याची जमीन जेमतेम, पोरे तीन. आणि वडील जाताना म्हणाले होते, विहिरीजवळचा तुकडा तुझा. ते ऐकायला दुसरे कोणी नव्हते.

मी लिहून घेतले. ती सांगत होती, मी विचारत होते. "भाऊ रागावले तर काय होईल?" "भाऊबीज बंद." "आणि सही केली तर?" ती गप्प. मग म्हणाली, "मंग भाऊबीज सुरू ऱ्हाईल. पर मव्हं मन जाईल का तितं?" हे वाक्य मी जसेच्या तसे पत्रात घातले. दोन पाने झाली. तिला वाचून दाखवले तर ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "ह्यो माझाच परश्न हाय का? बरोबर लिवलाय."

पत्र पाठवले. ते छापून आले नाही. पुरवणीत एका वेळी दोन-तीन पत्रे, येणारी शेकड्यांनी. त्यात काही विशेष नाही. चार-पाच रविवार मावशी ओसरीवर येऊन माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायची. सहाव्या आठवड्यात तीच म्हणाली, "बाई, पेपरात येवो न येवो. तुमच्याजवळ नक्कल हाय ना? पेपरातलंच म्हून वाचा."

मी वाचले. पेपर समोर धरून, आत वहीचा कागद ठेवून. गाव बदलले, विहीर बदलली. बायका ऐकत होत्या. आणि संपल्यावर सगळ्यांत आधी कोण बोलले असेल? मावशी! हातातली वात वळत, मान वर न करता, जोरात म्हणाली, "काय बाई तरी! सख्ख्या भावाकडं जमीन मागती. लाज न्हाई वाटत?"

माझ्या पोटात गोळा आला. पण ओसरीवर चकार शब्द कोणी तिच्या बाजूने बोलले नाही. एकीने आपल्या सहीची आठवण काढली, एकीने नऊवारी साडीच्या किमतीची. शेवटी ती म्हातारी आजी बोलली. "लाज कामून वाटावी? ती भावाचं मागत न्हाई. बापाचं मागती. बाप काय भावांचाच व्हता?"

मावशीने वात पुरी केली. मग दुसरी घेतली.

सही तिने केली नाही, एवढे मला माहीत आहे. पुढे विहिरीजवळच्या तुकड्याचे काय झाले, भाऊबीजेला कोण आले, ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. सदराचा हा नियमच आहे. प्रश्न आणि उत्तर आपले, नंतरचे त्यांचे. ती 'दुःखी भगिनी' नांदायला गेली की माहेरी राहिली, हे आपल्याला कधीच कळत नाही. मला वाटते, त्या पानाची ओढ लागण्याचे एक कारण हेही आहे. कथा लेखक संपवतो. सदरातली गोष्ट आपल्याला रात्री अंथरुणात पडल्यावर संपवावी लागते.

कायद्याचे म्हणाल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडील मृत्युपत्र न करता गेल्यास मुलीला त्यांच्या मालमत्तेत वाटा दिलाच होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राने २००५ मध्ये ती अट काढली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क आणखी स्पष्ट केला. तरी हक्कसोड पत्रे अजून होतात, आणि त्या विषयावरची पत्रे अजून येतात. कागदावर 'हक्क' लिहिलेला असतो आणि बाईला भीती भाऊबीजेची असते. त्या भीतीला उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसते, ओसरीवर असते.

त्या दिवशी मला सदराचे तिसरे कारण सापडले, आणि मला ते सगळ्यांत मोठे वाटते. सदर आपल्याला स्वतःबद्दल बोलायला दुसऱ्याचे तोंड देते. आमच्या घरातही तेच झाले होते. आमच्या मुलीसाठी एक स्थळ आले, माणसे तालेवार, पण देण्याघेण्याची भाषा गोडगोड. आमच्या ह्यांच्याशी तो विषय सरळ काढला की ते वर्तमानपत्रात तोंड घालायचे. एका रविवारी त्याच वर्तमानपत्रात हुंड्यावरून छळ झालेल्या मुलीचे पत्र होते. ते त्यांनीच मला वाचून दाखवले. दोन दिवस आम्ही त्या मुलीबद्दल बोललो. तिच्या बापाने आधीच ओळखायला हवे होते, असे हे म्हणाले. तिसऱ्या दिवशी स्थळाला नकार कळवला. आमच्या मुलीचे नाव त्या दोन दिवसांत एकदाही निघाले नव्हते.

पूर्वी हे काम जाते करायचे. पहाटे दळताना बाई ओवीतून आईला, भावाला, देवाला सांगायची. ऐकायला जाते आणि समोर बसलेली जाऊ. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, पहाटेचे दळण गेले, आणि दुःख सांगायची ती जागाही गेली. त्या रिकाम्या जागेत थोडेसे तरी हे सदर बसले, असे मला वाटते. जात्याने सल्ला कधी दिला नाही. ऐकून घेतले. तेवढ्यावर पिढ्या निघाल्या.

पुरुष असली पाने वाचत नाहीत, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागले की पारावर कोण बसायचे? शेतीच्या दैनिकांत 'कपाशीची पाने लाल पडत आहेत, काय करावे' हा दुसऱ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा प्रश्न आमच्याकडचे लोक किती लक्ष देऊन वाचतात! पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे तर आहेच. शिवाय दुसऱ्याच्या रानातही अळी पडली आहे, याचे ते जुने समाधान. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा दिवसभर हीच चर्चा होती. पण मी एक बघितले. त्या पानावर 'काय फवारू' असे विचारता येते. 'कर्ज झाले आहे, रात्री झोप येत नाही, घरात कोणाशी बोलावेसे वाटत नाही' असे कोणी विचारत नाही. बाईला दुःखी भगिनी होता येते. 'एक दुःखी बंधू' अशी सही मी फारच थोड्या वेळा वाचली. मराठवाड्यात राहून हे मला हसण्यावारी नेता येत नाही. माझे कितीतरी विद्यार्थी आज पन्नाशीचे शेतकरी आहेत. सरकारने २०२२ मध्ये 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली, क्रमांक १४४१६. तिथे नाव न सांगता बोलता येते. हा आकडा मी भेटेल त्याला सांगते. कोणी हसतो, कोणी मोबाइलमध्ये लिहून घेतो. लिहून घेणाऱ्याला मी दुसरे काही विचारत नाही.

आता नातवंडे प्रश्न चॅटजीपीटीला विचारतात. नातीने मला दाखवले. उत्तर झटकन येते, भाषा नम्र, आणि पुण्यातल्या ताईपेक्षा त्याला म्हशींची माहितीही जास्त आहे, हे कबूल करते. मध्यरात्री कोणाला विचारावे असा प्रश्न असेल तर तेही चांगलेच. पण ते उत्तर एकटीचे असते. ते दुसऱ्या कोणाला वाचायला मिळत नाही. शेजारच्या घरात तोच प्रश्न घेऊन कोणी जागी आहे, हे तिला कळत नाही. छापलेल्या पत्राला ताई एक उत्तर द्यायची, पण ते पत्र वाचून हजारो घरांत हजारो निकाल लागायचे, आणि त्यांतला एखादा निकाल ऐकायला खुद्द पत्र लिहिणारीच वाती वळत बसलेली असायची.

म्हणून कोणी ही सदरे वाचणाऱ्यांना रिकामटेकडे म्हटले की मी वाद घालत नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस त्यात आहेच, ती नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण डोकावणाऱ्याला आतली बाई दिसते, आणि पुढच्या वेळी आपल्याच गल्लीतली एखादी गप्प बसली तर ती का गप्प आहे हे त्याला थोडे लवकर कळते. एवढे झाले तरी पुरवणीचे पैसे वसूल.